ताट्या भिजवल्या का?

अठरा वर्षांची होईपर्यंत मी पाच कामं केली आणि पाचही ठिकाणांहून मला काढून टाकलं. त्यातल्या चार हकालपट्ट्या मी हौसेनं सांगते. लग्नाच्या पंगतीत सांगते, दुकानात हार बांधताना पोरींना सांगते, आणि माझ्या मुलीला, वर्षालीला, तर इतक्या वेळा सांगितल्या आहेत की मी कुठे चुकले तर ती दुरुस्त करते. पाचवी मात्र कधी सांगत नसे. ती आठवली की माझे कान गरम व्हायचे. गेल्या मार्चपर्यंत तरी असंच होतं.

पहिलं काम घरचंच. आमचं गाव चांदूर बाजारपासून पायी तासाभरावर, आणि वडिलांचा, नत्थुजींचा, दोन एकर ओलिताचा तुकडा. त्यात वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक आणि कडेनं झेंडू-शेवंती. बाराव्या वर्षी मला हार बांधायला बसवलं. आमच्याकडे पोरी बोलता बोलता पाच हार बांधून मोकळ्या होत. माझे दोनच व्हायचे, कारण मी माझी स्वतःची गाठ काढली होती. दोरा दोनदा फिरवायचा आणि खालून ओढायचा. ती गाठ सुटत नाही, कापावीच लागते. मला तिचा फार अभिमान होता. गावच्या पाटलांच्या दारावर दसऱ्याला बांधलेलं माझं तोरण दिवाळीपर्यंत निघालं नाही आणि शेवटी विळा आणावा लागला, तेव्हा वडिलांनी मला समोर बसवलं.

"हे फूल होय, बैल नोय," ते म्हणाले. "याले इतलं काहून बांधून राहिली?"

त्या दिवसापासून मला हारांवरून काढून गवत खुरपायला लावलं. घरच्या धंद्यातून काढलेली आमच्या घराण्यात मी पहिलीच असेन.

दुसरं काम चांदूर बाजारच्या एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये, संत्र्यांच्या पेट्या भरायचं. मी चौदा वर्षांची होते. आता आम्ही माळ्याची पोरं. भाजीची टोपली भरताना जड ते खाली आणि नाजूक ते वर, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. मी त्याच हिशेबानं मोठमोठी, वजनदार संत्री तळाशी आणि लिंबाएवढी वरच्या थरात रचली. रचली म्हणजे अगदी देखणी रचली. अख्खा दिवस मी हे करत होते आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी गिऱ्हाइकानं पेटी उघडली, वरचा थर पाहिला आणि तसाच निघून गेला. व्यापाऱ्यानं डोक्याला हात लावला. संत्र्यांच्या धंद्यात सगळ्यात चांगलं ते सगळ्यात वर असतं, हे मला त्यानं बऱ्याच मोठ्या आवाजात समजावलं. मी त्याला उलट विचारलं की मग खालच्या माणसाला काय मिळतं. या प्रश्नामुळे नोकरी गेली, पेट्यांमुळे कदाचित गेली नसती.

उलटून बोलायची मला सवयच होती. आई म्हणायची, या पोरीच्या तोंडाला दार नाही.

मग मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवात, रस्त्याच्या कडेला माणिकबाई नावाच्या बाईंनी चपला सांभाळायची जागा मांडली होती, तिथे मी अर्धा दिवस होते. बिल्ले होते, नंबर होते, सगळं होतं. पण मला तो पसारा बघवेना, म्हणून मी चपला रंगाप्रमाणे लावून टाकल्या. दुपारी प्रार्थनेनंतर दोनेकशे माणसं एकदम आली. त्यातल्या पावणेदोनशे जणांच्या चपला काळ्या होत्या. पुढचं सांगत नाही. माणिकबाईंनी मला मारलं नाही, एवढा त्यांचा मोठेपणा मी आजही मानते.

चौथं एसटीडी बूथवरचं. तिथे मी अडीच महिने टिकले, म्हणजे त्या काळातला माझा विक्रमच. बायका माहेरी फोन लावायच्या, रडायच्या, आणि मीटर पळत राहायचं. मला ते सहन व्हायचं नाही. मी काचेपलीकडून हातानं खुणा करायचे की बाई, आटपा. आटपायच्याही बिचाऱ्या. एकदा मालकानं मला खुणा करताना पाहिलं. त्याच्या मते मी बूथमध्ये बसून बूथ बुडवत होते. मी म्हटलं, मग रडण्याचे वेगळे दर लावा. झालं.

इथवरच्या गोष्टी मी हसत सांगते, कारण या कामांत मला गती नव्हती आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. पाचव्या कामाचं तसं नव्हतं.

सत्याण्णव सालच्या मार्चमध्ये माझी बारावीची परीक्षा संपली आणि मला अकोल्याला सूर्यभानमामांकडे पाठवलं. माझ्या आईचे हे भाऊ. डाबकी रोडला त्यांचं कूलरचं दुकान होतं. मागे पत्र्याची शेड, पुढे घर. अकोल्यात एप्रिलपासून माणूस घरात राहतच नाही, कूलरसमोर राहतो. कूलरच्या तीन बाजूंच्या जाळ्यांत गवत भरतात, त्या झाल्या ताट्या. पंप त्यांच्यावर पाणी सोडतो, पंखा त्यांच्यातून हवा ओढतो आणि माणूस जिवंत राहतो. दर उन्हाळ्यात जुनं गवत काढून नवं भरावं लागतं आणि जाळी सुतळीनं बांधावी लागते.

मामांचा एकच कायदा होता. नवं गवत पहिल्या पाण्याला पिवळा रंग सोडतं. म्हणून ताटी आधी टाक्यात बुडवायची, पाणी दोनतीनदा बदलायचं, स्वच्छ निघालं की मगच ती कूलरला लावायची. बाकी काही चुकलं तर मामा हसून सोडून देत. न भिजवलेली ताटी लावणारा माणूस मात्र त्यांच्या लेखी माणसातच नव्हता.

त्या कामात माझा हात बसला. मामांच्या लुनावर मागे ताट्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी अख्खं अकोला पालथं घातलं. घरी एकट्या असलेल्या बायका दार उघडून पोरगी दिसली की खूश व्हायच्या, सरळ आतल्या खोलीत न्यायच्या आणि काम झालं की रसना द्यायच्या. दिवसाला सात-आठ ग्लास रसना पोटात जायचा. आणि माझी ती गाठ, जिनं मला हारांवरून हाकललं होतं, तिला इथे किंमत आली. पंख्याच्या ओढीनं इतरांच्या सुतळ्या सैल व्हायच्या, माझी जाळी जागची हलायची नाही. मामा गिऱ्हाइकांना सांगत की पोरीनं बांधलेली ताटी आहे, पुढच्या वर्षी कात्री आणून ठेवा. आपल्याला एखादं काम खरोखर येतं, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

मामांची मुलगी वच्छलाताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. एप्रिलच्या शेवटी तिला पाहायला दर्यापूरकडचे पाहुणे येणार होते. मामांनी बैठकीसाठी नवा कूलर काढला आणि ताट्या माझ्यावर सोपवल्या. मी आदल्या संध्याकाळी त्या टाक्यात टाकल्या, तीनदा पाणी बदललं, सकाळी शेडमागच्या निंबाखाली निथळत ठेवल्या. शेजारीच कोऱ्या, न भिजवलेल्या ताट्यांची दुसरी थप्पी होती. आठ वाजता मी ताट्या लावल्या आणि बांधल्या. चालवून पाहणार तर लाइन गेली. इतक्यात लीलामामींनी मला गजरे आणायला बाजारात पिटाळलं. मी परत आले तेव्हा पाहुणे पायरी चढत होते आणि लाइनही आली होती.

पाहुणे म्हणजे मुलाचे वडील महादेवराव, पांढऱ्या धोतरात आणि इस्त्रीच्या सदऱ्यात. मुलगा पांढऱ्या शर्टात. सोबत दोन काका, तेही पांढरेच. महादेवराव बरोबर कूलरच्या तोंडाशी बसले आणि म्हणाले, जरा फुल करा हो, जीव चालला. मामांनी बटण फिरवलं.

पहिल्यांदा वास आला, मग थेंब आले. महादेवरावांच्या छातीवर, मुलाच्या चष्म्यावर, काकांच्या टोप्यांवर पिवळे पिवळे ठिपके उठले. दोन मिनिटांत चौघेही असे दिसायला लागले की कोणी वरणाच्या पातेल्यात पळी आपटली असावी. मामांनी बटण बंद केलं आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे वळले. असं ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. ताट्या भिजवल्या नाहीत, एवढं एक काम सांगितलं होतं, कामचुकार पोरगी, उद्याच्या पहिल्या गाडीनं घरी जा.

मी एक शब्द बोलले नाही. बोलले नाही, कारण मला खात्री नव्हती. अकोल्याच्या उन्हात भिजलेली ताटी अर्ध्या तासात कोरडी ठणठणीत होते. निंबाखाली दोन थप्प्या होत्या आणि दोन्ही सारख्याच दिसत होत्या. घाईत मी चुकीच्या थप्पीतल्या उचलल्या असणार, असं माझ्या मनानं तिथेच ठरवून टाकलं. मामांनी कूलर स्वतः ओढत शेडमध्ये नेला. सकाळी मी अमरावतीच्या गाडीत होते आणि चांदूर येईपर्यंत रडत होते.

पाहुण्यांनी कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. जूनमध्ये मामांनी वच्छलाताईला नर्सिंगला घातलं. सगळे म्हणाले, बरंच झालं. माझ्यासाठी मात्र ते बरं नव्हतं. मी तिचं लग्न मोडलं, आणि जे एक काम मला येत होतं तेच नेमकं बिघडवलं. नंतर माझं लग्न झालं, अमरावतीत राजापेठेत फुलांचं दुकान झालं. नवरा गोपाल मंडप घालतो, मी फुलं बघते. पण मी प्रत्येक ऑर्डर तीनदा तपासते, रात्री कुलूप लावून परत एकदा ओढून बघते, आणि गोपाल हसतो. त्याला कारण माहीत नव्हतं.

त्यात मामांचा फोन. दर वर्षी मार्च लागला की येणारच. "काय वो पौर्णिमा, ताट्या भिजवल्या का?" एवढं विचारून ते हसायचे. मी हो म्हणायचे, मामींची तब्येत विचारायचे आणि फोन ठेवून द्यायचे. म्हातारा टोमणा मारायचं सोडत नाही, असं मनात यायचं. अकोल्याला लग्नकार्याला गेले तरी मी शेडकडे फिरकत नसे.

गेल्या मार्चमध्ये मामांनी दुकान बंद करायचं ठरवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत, आणि हल्ली लोकांना भिंतीवरचा एसी पाहिजे. ज्याला जे हवं ते घेऊन जा, म्हणून सगळ्यांना बोलावलं. मी वर्षालीला घेऊन गेले. वच्छलाताई तिथे होतीच. ती अकोल्यातच सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, आता वॉर्डाची इन्चार्ज, डॉक्टरसुद्धा तिला वचकून असतात. चहा पिताना वर्षालीनं माझ्या चार हकालपट्ट्या रंगवून सांगितल्या, चपलांच्या वेळी तर उभी राहून सांगितल्या. मग तिनं विचारलं, मामाआजोबांकडचं काम का सुटलं ते तू कधीच सांगत नाहीस. मी म्हटलं, ते काही सांगण्यासारखं नाही.

वच्छलाताईनं कप खाली ठेवला.

"पौर्णे, तुह्या ताट्या भिजवलेल्याच होत्या," ती म्हणाली. "तू गजरे आणाले गेली तवा मी त्या काढल्या अन् कोऱ्या लावल्या."

तिनं नर्सिंगचा फॉर्म मामांना न सांगता भरला होता. पाहुण्यांनी पसंत केली असती तर जूनमध्ये लग्न ठरलेलंच होतं. कोऱ्या गवताचा वास येईल, पाहुणे कंटाळून लवकर उठतील, एवढाच तिचा बेत होता. महादेवराव पंखा फुल करायला सांगतील, हे तिला तरी काय माहीत. पुढे सांगायचं सांगायचं म्हणत तिची हिंमत झाली नाही, आणि मग इतकी वर्षं गेली की सांगायची लाज वाटली.

वर्षाली पोट धरून हसत होती. मलाही हसू यायला हवं होतं, पण आला तो राग. अठ्ठावीस वर्षं मी कुलपं ओढत होते. वच्छलाताईला जे बोलले असते ते मुलीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. तडक उठले आणि शेडमध्ये गेले.

मामा स्टुलावर बसून एका कूलरची मोटर घट्ट करत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, की त्या दिवशीच्या ताट्या मी लावल्या नव्हत्या, वच्छलानं लावल्या होत्या.

"माईत हाय," मामा म्हणाले. वरसुद्धा पाहिलं नाही.

कधीपासून, विचारलं, तर त्याच दिवसापासून. कूलर शेडमध्ये आणून त्यांनी पाहिला, तर तळाच्या फटीत कापलेल्या सुतळीचे तुकडे अडकले होते, आणि त्यांच्यावर माझ्या गाठी जशाच्या तशा होत्या. जाळीवरची सुतळी त्यांनी नुसती ओढली तर सुटून हातात आली. घरात अशी शेळपट गाठ मारणारी एकच होती. पण तोवर माझ्यावर ओरडून झालं होतं आणि पाहुणे बैठकीतच होते. लेकीनं स्वतः केलं हे बाहेर गेलं असतं तर दर्यापूरपर्यंत तिचं नाव खराब झालं असतं. भाची काय, उद्या आपल्या गावी जाणार होती. लेकीला लग्न नको, शिकायचं आहे हे मात्र त्यांना त्या गाठीवरूनच कळलं, म्हणून जूनमध्ये ते स्वतः तिला घेऊन गेले.

माझा आवाज चढला. मी म्हटलं, "मंग मले एकदा तरी सांगा लागत होतं, मामा."

मामांनी पेचकस खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुले का सांगाचं? तुले तं समदं माईतच होतं," ते म्हणाले. "तू, अन् उलटून एक शब्द बोलली नाई. तवाच समजलो मी. तुह्या मामीले म्हनलो, या पोरीनं बहिणीसाठी आपलं नाव खराब करून घेतलं. म्हून तं दरसाली फोन करतो तुले. दुसऱ्या कोन्या भाचीले करतो का?"

मी तोंड उघडलं. मामा, मी गप्प बसले कारण मलाच वाटलं होतं की मी चुकले, हे वाक्य अगदी ओठांवर होतं. पण त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचं जे कौतुक दिसत होतं, ते अठ्ठावीस वर्षांचं जुनं होतं, आणि मी ते त्यांच्या हातून काढून घेऊ शकले नाही. मला रडू आलं. ज्या फोनला मी टोमणा समजून दर मार्चमध्ये चिडत होते, त्या फोनमधून हा माणूस मला शाबासकी देत होता. त्या घरात मी दुसऱ्यांदा गप्प बसले, आणि या वेळी समजून बसले.

मामा म्हणाले, हा दुकानातला शेवटचा कूलर, वच्छलाकडे जाणार आहे, ताट्या तेवढ्या राहिल्यात, बांधून दे. मी वर्षालीला हाक मारली. दोघींनी मिळून गवत भरलं, टाक्यात बुडवलं, पाणी तीनदा बदललं. वर्षालीला मी गाठ शिकवली. तिची पहिली सैल झाली, दुसरी बसली. मग बाकीच्या मी मारल्या, दोरा दोनदा फिरवून, खालून ओढून, एका जाळीला चारच्या जागी आठ.

पुढच्या मार्चमध्ये गवत बदलताना वच्छलाताईला कात्री लागेल.